हॉलिस फॉल्सला हात हलवत नाहीत

१

असाहेल प्रॅटनं उभ्या आयुष्यात गिरणी आतून पाहिली नव्हती, आणि तरी देशातल्या गिरण्यांवर त्याच्याइतकं कोणी लिहिलं नव्हतं. यात फार नवल करण्यासारखं काही नाही. त्या काळी ही कामं अशीच चालत. हार्टफर्डच्या एका प्रकाशकानं देशाच्या प्रगतीवर जाडजूड ग्रंथ काढायचा घाट घातला होता. शेती, कालवे, आगगाड्या, तारायंत्र, लोखंड, कापड, सगळं एका पुस्तकात. ग्रंथ छापून व्हायच्या आधीच त्याचे विक्रेते दारोदार हिंडून गिऱ्हाइकं नोंदवून आले होते, आणि घरोघरी बायबलशेजारी त्याच्यासाठी जागा राखली गेली होती. कापडाचं प्रकरण असाहेलकडे होतं. गिरणीवाले आपापली माहिती धाडत, हा ती टेबलावर पसरायचा, गावोगावच्या वर्तमानपत्रांची कात्रणं शेजारी ठेवायचा आणि अशी काही रसाळ वाक्यं पाडायचा, की वाचणाऱ्याला वाटावं, हा बाबा मागांच्या खडखडाटातच लहानाचा मोठा झाला.

त्यातलं एक वाक्य तर त्याचं स्वतःचंच फार लाडकं होतं. हॉलिस फॉल्स नावाच्या गावच्या एका कात्रणावरून त्यानं ते रचलं होतं: ‘गावातून मिरवणूक निघाली की गिरणीच्या वरच्या मजल्यावरून, खिडक्याखिडक्यांतून, या स्वतंत्र देशाच्या सुखी लेकी हात हलवून तिचं स्वागत करतात.’ प्रकाशक म्हणाला, “वा! यावरच प्रकरण संपवा.” तसंच ते संपवलं.

त्याच गावात त्याची भाची होती. लोविसा. बहीण गेल्यावर ही पोर त्यानंच सांभाळली, शिकवली, आणि एक दिवस ती म्हणाली, “मामा, मी गिरणीत जाते, तुझ्या गळ्यात किती दिवस पडू?” तो नको म्हणाला, पण जोरानं म्हणाला नाही. त्याचं त्याला अधूनमधून वाईट वाटायचं. यंदाच्या हिवाळ्यात तिकडून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईनं सांगितलं, पोरीला खोकला लागलाय, जात नाही. योगायोग असा, की त्याच आठवड्यात तिथल्या गिरणीच्या कारभाऱ्याचं, कोल्बीसाहेबांचं, बोलावणं आलं. उपासाच्या दिवशी गावच्या सभागृहात आपलं प्रकरण वाचून दाखवावं.

हा उपासाचा दिवस म्हणजे दर एप्रिलात गव्हर्नर जाहीर करायचे तो. गिरण्या बंद, सकाळी प्रार्थना, आणि उपास म्हणाल तर एकादशी अन् दुप्पट खाशी.

गाडी फलाटाला लागली तेव्हा असाहेल दारातच उभा होता. गर्दीत त्याला लोविसाची तपकिरी टोपी दिसली. त्यानं हात उंच करून जोरजोरात हलवला आणि हाक मारली.

फलाटावरची सगळी माणसं खाली बघायला लागली. हमाल, पोस्टाची पिशवी घेतलेला म्हातारा, कडेवर मूल घेतलेली बाई, सगळी. जणू कोणी भरल्या जेवणात काही घाण बोललं होतं. लोविसा धावत आली आणि तिनं आधी त्याचा हात धरून खाली केला, मग मिठी मारली.

“मामा, इथं हात नाही हलवायचा.”

“का गं? हातावर कर आहे की काय इथं?”

ती हसली नाही. तिला खोकल्याची उबळ आली.

२

ती फॅरोबाईंच्या घरी राहायची. गिरणीतल्या बायांना जेवूखाऊ घालून ठेवणारं घर ते. फॅरोबाई हाडापेरानं मोठ्या, तोंडानं फटकळ.

“लेखक का तुम्ही? मग बसा तिकडे कडेला. लेखकांना म्हणे भूक लागत नाही.”

“भूक लागते हो, मिळत नाही म्हणून तशी ख्याती झालीय.”

टेबलाभोवतीच्या बाया हसल्या. डुकराच्या मांसात शिजवलेल्या घेवड्याचं भांडं फिरलं, काळा पाव फिरला, वाळवलेली सफरचंदं भरून भाजलेली गोड पोळी आली. असाहेलला बरं वाटलं. सगळं कसं त्याच्या प्रकरणात लिहिल्यासारखं होतं. फक्त लोविसा घास घेता घेता तोंड फिरवून खोकायची, आणि तिच्या केसांत, भुवयांत कापसाची बारीक लव अडकलेली असायची. ती पिंजणखात्यात होती. तिथं हवेपेक्षा कापूसच जास्त.

“तिला तिथून काढायला हवं,” फॅरोबाई त्याला पाव देताना हळूच म्हणाल्या. “पिंजणातल्या पोरी मी पाहिल्यात. अशा खोकत दोन हिवाळे काढतात, फार तर.”

सकाळी तो दारात उभा राहून कामाला निघालेल्या बायांकडे बघत होता. आता एखाद्या खोडीकडे एकदा लक्ष गेलं की माणसाला तीच दिसत राहते. समोरच्या घरातली आई मुलाला शाळेला धाडत होती; मूल वळून वळून बघत होतं आणि आईनं दोन्ही हात पदराखाली घ्यावेत तसे एप्रनखाली घट्ट धरून ठेवले होते. गाडीवान गाडीवानाला भेटला तो हनुवटी उडवून. एका म्हाताऱ्यानं माशी हाकलायला हात वर नेला आणि मध्येच थांबवून खिशात घातला. माशी नाकावर बसू दिली.

गावागावाच्या तऱ्हा असतात, असाहेलनं स्वतःला समजावलं. कुठं शिंकेला थांबतात, कुठं शिडीखालून जात नाहीत. एवढं काय त्यात. तरीपण लोविसा निघाली तेव्हा त्याचा हात वर जायला लागला, आणि त्यानंही तो खिशात घातला.

३

कोल्बीसाहेब गोरेगोमटे, टापटिपीचे, बोलायला मध. त्यांनी स्वतः हिंडून गिरणी दाखवली.

साचेखात्याचं, म्हणजे मागांच्या खोलीचं, दार उघडलं आणि असाहेलचा श्वासच अडकला. त्यानं या आवाजावर आख्खं पान लिहिलं होतं. ‘उद्योगाचं संगीत’ म्हणाला होता तो त्याला. संगीत कसलं डोंबलाचं! दात हलत होते त्या खडखडाटानं. हवा कोमट आणि ओली, कपडे अंगाला चिकटले. आणि त्या गदारोळात बाया मजेत गप्पा मारत होत्या. आवाजानं नव्हे, ओठांनी. या मागावरची त्या टोकाच्या मागावरचीला नुसते ओठ हलवून काही सांगायची, ती तिकडे खांदे उडवून हसायची. मध्येच धोटा तोंडाशी नेऊन त्याच्या भोकातून ओठांनी दोरा ओढून घ्यायची आणि पुन्हा बोलायची.

“सगळ्या ओठ वाचतात,” बाहेर आल्यावर कोल्बी कौतुकानं म्हणाले. “इथं चार महिन्यांत कुणीही शिकतं. लिहा हं हे.”

“आणि खिडक्या उघडत नाहीत का? फार कोंदट होतं हो.”

“खिळे मारलेत. हवा कोरडी झाली की दोरे तुटतात. बाया हळूच उघडतात ना, म्हणून चौकटीतूनच खिळे ठोकलेत. सगळीकडे हीच पद्धत आहे.”

ते खरंच होतं. ‘वातावरणातील ओलावा कायम राखण्याची कल्पक योजना,’ असं असाहेलनंच कुठंसं लिहिलं होतं.

अंगणात आले. तीन नंबरची गिरणी समोर, नदीच्या अंगाला, धबधब्याचा घोष इथं एवढा की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे. असाहेलनं सहज वर पाहिलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एका खिडकीत बाई उभी होती. तळवे काचेला टेकलेले. तिचे ओठ हलत होते.

पाहुणा माणूस, सवय अशी थोडीच सुटते. त्यानं हॅट काढली आणि हसून हात हलवला.

बाई गेली नाही. तिच्या शेजारच्या खिडकीत दुसरी आली, तिच्यामागे आणखी, खिडक्या भरत गेल्या. सगळ्यांचे तळवे काचेवर, सगळ्यांचे ओठ हलताहेत, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं असावं, कारण ओठ एका वेळी उघडत होते, एका वेळी मिटत होते. मागे खोलीत अंधार होता, किंवा अंधारापेक्षा दाट काही असेल. असाहेलचा हात हलताहलता थांबला.

“कुणाला हात करताय?” कोल्बी त्याच्या कानाशी ओरडले. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

“वरच्या बायांना.”

“वर कोणी नसतं. तो मजला बंद आहे.”

असाहेलनं पुन्हा पाहिलं. काचा रिकाम्या होत्या, त्यांत आभाळ दिसत होतं. ढग होते, उजेड तिरपा होता, काचा जुन्या, वेड्यावाकड्या. असं दिसू शकतं. माणसानं विचार केला तर त्याला काहीही पटवून घेता येतं, आणि असाहेल विचार करण्यात पटाईत होता.

४

रविवारी प्रार्थनेनंतर तो लोविसाला घेऊन कालव्याकाठी बसला. ऊन पडलं होतं, ती जरा तरतरीत दिसत होती. त्यानं थट्टेच्या सुरात विचारलं, “तुला येतात का गं ओठ वाचता?”

“येतात की. समोरच्या बाकावरची तुझ्या कोटाबद्दल काय बोलली ते सांगू?”

“नको. हे वाच.” आणि त्यानं त्या बायांसारखे ओठ हलवले. तीच उघडझाप, तोच क्रम, मनात इतकी पक्की बसली होती ती.

लोविसाचं हसू मावळलं. “पुन्हा कर.”

त्यानं पुन्हा केलं.

“कुठं बघितलंस हे?”

“आधी सांग, काय म्हटलं मी?”

“हात नका हलवू,” ती म्हणाली. “दार उघडा. हात नका हलवू, दार उघडा. हेच परत परत.” मग तिनं शाल घट्ट ओढून घेतली. “तू तीन नंबरकडे वर बघितलंस. मामा, कशाला बघितलंस तू!”

पुढचं तिनं सांगितलं नाही. ते फॅरोबाईंनी सांगितलं, स्वयंपाकघरात, त्याच्याकडे पाठ करून, भांडी घासता घासता.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. नव्या लोहमार्गाचं उद्घाटन, कोणी बडे पाहुणे आले होते, बँड होता, मिरवणूक होती. गावाला सुट्टी, पण तीन नंबरच्या वरच्या मजल्याला नाही, कारण माल पाठवायचा होता. मिरवणूक गिरणीच्या अंगणातून निघाली आणि वरच्या खिडक्यांत बाया जमल्या. हात वर, तोंडं हलताहेत.

“आम्हाला वाटलं, जयजयकार करताहेत. बँड वाजत होता, धबधबा होता, कुणाला काय ऐकू येतंय! आम्ही सगळ्यांनी हात हलवले. रुमाल हलवले. बँडवाल्यांनी तर जोरात वाजवायला घेतलं त्यांच्यासाठी.” फॅरोबाईंनी एक भांडं पुन्हा पुन्हा घासलं. “आग मागच्या जिन्यात लागली होती, धूर नदीच्या बाजूला जात होता. दार बाहेरून लावलेलं, कोणी मिरवणूक बघायला पळू नये म्हणून. खिडक्यांना खिळे. माझी धाकटी बहीण होती वर. माझ्याकडेच बघत होती ती. मी तिला रुमाल हलवला. बराच वेळ हलवला.”

असाहेलला आपलं कात्रण आठवलं. त्यात हीच मिरवणूक होती, आग नव्हती. बातमीदार मिरवणुकीबरोबर पुढे निघून गेला असणार, आणि त्यानं जे पाहिलं तेच लिहिलं होतं. त्यावरून यानं आपलं लाडकं वाक्य रचलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं ते वाक्य खोडलं आणि खरं ते लिहून काढलं. खिळे, बाहेरून लावलेलं दार, सगळं. लोविसा कामावर निघता निघता डोकावली.

“लिहिलंस, मामा? त्या खिळ्यांचं?”

“लिहिलं.”

“बरं केलंस. एवढ्या मोठ्या पुस्तकात आलं की काढतील खिळे. काढावेच लागतील.” किती विश्वासानं म्हणाली पोरगी! तिला वाटायचं, मामानं लिहिलं की झालं.

दुपारी कोल्बींनी बोलावलं. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“प्रॅट, तुम्ही भले माणूस आहात. पण हे वाचून कुणाचं भलं होणार? मेलेल्या परत येणार आहेत का? या गावाला दोन वर्षं मान वर करता आली नाही. त्यांना तुमचं ते आधीचं वाक्य ऐकू द्या. तेवढंच मागतोय.” मग चष्मा परत लावून, “तुमची भाची पिंजणात आहे ना? तिचा खोकला मी ऐकलाय. घडीखात्यात जागा आहे. स्वच्छ, कोरडी हवा, बसून काम. कापडाला घड्या घालायच्या.”

असाहेल उठून निघून येणार होता. खरंच येणार होता. पण आदल्या दिवशी लोविसानं तोंडाला लावलेला रुमाल त्यानं पाहिला होता. ती तो घाईनं मुठीत लपवत होती, तरी त्यावरचं लाल दिसलंच.

घरी येऊन त्यानं फॅरोबाईंना विचारलं. त्यांना राग येईल, त्या म्हणतील खरं तेच लिहा, अशी त्याला आशा होती. म्हणजे मग त्याला लिहावंच लागलं असतं.

फॅरोबाईंनी एप्रनला हात पुसले. “ते पहिलं वाक्य परत वाचा,” त्या म्हणाल्या. त्यानं वाचलं. “सुखी लेकी,” त्या पुटपुटल्या. “छान आहे हो. ती हात हलवत होती आणि मी पण हात हलवला, एवढंच झालं असतं तर किती बरं झालं असतं! पुस्तकात तसं असलं तर मी रोज वाचीन.”

मग कुणासाठी खरं लिहायचं? असं तो स्वतःशी म्हणाला, आणि त्याच वेळी त्याला कळत होतं की ही नुसती पळवाट आहे. नवं लिहिलेलं त्यानं चुलीत घातलं. कोल्बींना होकार कळवला. लोविसाला यातलं काहीएक सांगितलं नाही.

ती संध्याकाळी उड्या मारतच आली. “मामा! मला घडीखातं मिळालं! तीन नंबरचा वरचा मजला उघडलाय, तिथं हलवताहेत ते. नवी टेबलं, मोठा उजेड. शुक्रवारपासून जायचं.”

तो तसाच उठून कोल्बींच्या घरी गेला. ते दारातच भेटले.

“त्याच मजल्यावर? अहो, कोल्बीसाहेब!”

“का? आता तुमच्याच ग्रंथात येतंय ना, वरच्या मजल्यावर सुखी लेकी असतात म्हणून? मग मजला रिकामा कसा ठेवू? इतके दिवस लोक कुजबुजायचे. आता कुजबुजायला काही उरलं नाही. तुमचे आभारच मानायला हवेत.”

असाहेल मागे वळला. परत आला तेव्हा लोविसा जागा बदलायची म्हणून एप्रन धूत होती. तिनं विचारलं, “खिळे काढले असतील ना रे वरचे? तू लिहिलंयस म्हणजे...”

“काढले असतील,” तो म्हणाला.

६

उपासाच्या दिवशी दुपारी सभागृह खच्चून भरलं. गिरण्या बंद, चाकं थांबलेली, बंधाऱ्याची दारं टाकून पाणी अडवलेलं. धबधब्याचासुद्धा आवाज नव्हता. एप्रिलचं कोवळं ऊन, खिडक्या सताड उघड्या. कालव्यापलीकडे तीन नंबरची गिरणी सरळ समोर दिसत होती. असाहेलनं वाचायच्या मेजाची जागा बघितली आणि त्याला वाटलं, मेज फिरवून घ्यावं. पण कोल्बींनी आधीच पाण्याचा पेला आणून ठेवला होता.

लोविसाची जागा फॅरोबाईंच्या शेजारी होती. ती रिकामी होती.

“सकाळीच गेली वर,” फॅरोबाई म्हणाल्या. “उद्यापासून काम, आज जरा टेबल पुसून येते म्हणाली. येईल एवढ्यात.”

त्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला लागला. आधी कापसाची बोंडं, मग जहाजं, मग पहिली चरखी, पहिला बांध, किती मैल सूत आणि किती वार कापड. लोक ऐकत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. आपल्या गावाचं नाव आलं तेव्हा पुरुष ताठ बसले. असाहेलला स्वतःच्या वाक्यांची गोडी लागली. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण लागली. दोन पानं तर त्यानं समोरच्या गिरणीकडे बघितलंसुद्धा नाही.

शेवटच्या परिच्छेदाशी तो पाणी प्यायला थांबला आणि त्याची नजर वर गेली.

वरच्या मजल्यावर, मधल्या खिडकीत, तपकिरी टोपी होती. तळवे काचेवर. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले. मामा. वाचायला शिकावं लागेल असं त्यात काही नव्हतं. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. मग ती मूठ आपटायला लागली. आवाज येत नव्हता. आज सगळं गाव चिडीचूप होतं, बँड नव्हता, चाकं नव्हती, पाणी नव्हतं, आणि तरी आवाज येत नव्हता. तिच्या डाव्या-उजव्या खिडक्या भरायला लागल्या होत्या.

त्यानं खाली पाहिलं. सभागृहातली सगळी माणसं त्याच्याकडे तोंड करून, खिडकीला पाठ करून बसली होती. मागे वळून बघितलं असतं तर त्यांना दिसलं असतं. कोणी वळलं नाही. फॅरोबाई हात मांडीवर घट्ट जुळवून त्या वाक्याची वाट बघत होत्या. कोल्बी हसून मान डोलावत होते, हं, पुढे.

हे काचेतलं प्रतिबिंब आहे, असाहेल मनात म्हणाला. आज मजला उघडा आहे, टोपी कुठलीही असू शकते, तपकिरी टोप्या काय कमी आहेत? आणि असलीच लोविसा, तर ती मजेत उभी आहे, आपल्याला बघून हाक मारतेय. एकच वाक्य राहिलंय. एका वाक्यानं काय होतं? ते वाचू, आणि मग जाऊ. मध्येच पळत सुटलो तर हे लोक काय म्हणतील?

त्यानं ते वाचलं. नीट वाचलं, सावकाश, शेवटाकडे आवाज चढवून, जसं वाचायला हवं तसं. ‘या स्वतंत्र देशाच्या सुखी लेकी’ म्हणताना त्याची नजर कागदावर होती.

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या, पाय आपटणं, गळ्यात पडणं. दोन वर्षांत न रडलेली माणसं मोकळी होऊन रडत होती. फॅरोबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्या म्हणाल्या, “देव तुमचं भलं करो.” ते हात सोडवून घ्यायला त्याला वेळ लागला.

७

तो पुलावरून धावला. पन्नाशीचा माणूस, छातीत कळ येत होती. तीन नंबरचं फाटक ढकललं, जिना चढला, नवा, लाकडाचा वास येणारा जिना. वरचं दार त्यानं खांद्यानं धडक देऊन उघडायचं ठरवलं होतं. दार हात लावताच उघडलं. ते लावलेलंच नव्हतं.

लांबलचक खोली, पांढरा रंग दिलेली, उन्हानं भरलेली. टेबलं ओळीनं मांडलेली, त्यांच्यापुढे बाकं. शेगडी नाही, चूल नाही, विस्तव म्हणून कुठं नाही. गारठा होता.

लोविसा मधल्या खिडकीखालच्या बाकावर बसली होती. जिवंत, धडधाकट. त्याच्या तोंडातून हुंदका निघाला. “अगं बाई! पोरी, केवढं घाबरवलंस मला!”

तिनं मान वर केली. तिची नखं तुटली होती आणि बोटं रक्तानं माखली होती. तिच्या मागे खिडकीच्या चौकटीवर खिळ्यांभोवतीचं लाकूड ओरबाडलेलं होतं. खिळे तसेच होते. काचेवर मात्र तळव्यांचे ठसे पुष्कळ होते, एका माणसाचे असतील त्याहून पुष्कळ, आणि ते आतल्या बाजूला होते.

“चल,” तो म्हणाला. “चल आधी बाहेर. आजच्या आज हार्टफर्डला जाऊ आपण.”

“दार उघडत नव्हतं, मामा.”

“अगं, उघडंच होतं ते.”

“उघडत नव्हतं. आणि धूर झाला.” तिचा आवाज घोगरा होता. ती खोकत नव्हती, तो आल्यापासून एकदासुद्धा खोकली नव्हती. तो जवळ गेला तेव्हा तिच्या कपड्यांचा वास आला, जळक्या कापसाचा. “मी तुला हाका मारल्या. तू बघितलंस माझ्याकडे.”

“मी... ऊन डोळ्यांवर येत होतं. मला नीट दिसलं नाही.”

“बघितलंस. तू पाणी प्यायलास, माझ्याकडे बघितलंस, आणि पेला खाली ठेवून पुढे वाचलंस. मी ते वाचलं तुझ्या ओठांवरून. सुखी लेकी.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यानं पाय धरले असते. “त्या मला म्हणाल्याच होत्या. म्हणाल्या, उगीच बोटं सोलून घेऊ नकोस, तो आधी वाचून संपवील.”

“कोण म्हणाल्या? लोविसा, कोण म्हणाल्या?”

तो तिच्याजवळ बसायला म्हणून बाकाकडे सरकला. लांब बाक होता, दहाबारा जणी सहज बसतील असा, आणि ती एकटीच होती त्यावर. पण ती अंग चोरून बसली होती, कोपरं पोटाशी धरून, दोन्हीकडून कोणी खेटून बसलं म्हणजे बसतात तशी. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे बघून जराशी ओशाळून म्हणाली, “जागा नाहीये, मामा.”